रॉडने हवा कळत नाही, आतल्या टायरला गेज लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ट्रक हातात घेऊन तीन महिने झाले. जुने ड्रायव्हर निघताना टायरवर रॉड आपटतात, आवाज ऐकतात आणि गाडी काढतात. तुम्हीही तेच करत होतात, तरी गेल्या आठवड्यात मागच्या जोडीतला आतला टायर फुटला. मग रोज बघायचं तरी काय?

आधी रॉडचं बोलू. टायर पार बसला असेल तर रॉड ते सांगतो, त्यापुढे काही नाही. ११० पीएसआयचा (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) टायर आणि ८५ चा टायर, आवाज दोघांचा सारखाच. मला इतक्या वर्षांत तो फरक ओळखता आलेला नाही. येतो म्हणणाऱ्यांच्या हातात नंतर गेज, म्हणजे हवेचा दाब मोजायचं साधन, देऊन पाहिलं, तेही चुकले. ११० चे ८५ झाले म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त हवा गेली. इतक्या कमी हवेवर धावलेला टायर पंक्चर धरायचा, खाली उतरवायचा आणि आतून तपासून घ्यायचा. वरून हवा मारून पुढे जायचं नाही.

कारण सोपं आहे. ट्रकचा टायर किलोमीटरला साधारण तीनशे वेळा फिरतो, आणि दर फेऱ्याला त्याची बाजू जमिनीजवळ दबते, मग परत सरळ होते. हवा कमी असली की ती जास्त दबते. तार हातात घेऊन एकाच जागी वाकवत राहिलं की तुटते, तेच आतल्या पोलादी तारांचं होतं. शिवाय रबर तापतं. बाहेरून काही दिसत नाही. पुढे त्याच टायरमध्ये हवा भरायला घेतली की कमकुवत झालेल्या तारा बॅगची चेन उघडावी तशा एका ओळीत सुटतात. म्हणून हवा भरताना टायरच्या बाजूसमोर कधी उभं राहू नका. लांब नळी आणि व्हॉल्व्हला अडकणारी क्लिप वापरा. टायर कमी हवेवर धावल्याची शंका असेल तर तो टायरवाल्याकडच्या लोखंडी सुरक्षा पिंजऱ्यातच भरायचा. भरताना टकटक किंवा फटफट आवाज आला तर हात लावायचा नाही, लांब व्हायचं.

आता आतला टायर. त्याला वारा कमी लागतो, शेजारी ब्रेक ड्रमची धग असते, आणि व्हॉल्व्ह अशा जागी असतो की मनगट सोलून निघतं. साहजिकच सगळे बाहेरच्याचीच हवा बघतात. मीही तेच करायचो. एकदा आठ-दहा दिवस आतल्याला गेज लावलंच नव्हतं. चढावर जळक्या रबराचा वास आला म्हणून गाडी बाजूला घेतली. बाहेरचा टायर ताठ उभा, आणि आतला पार बसलेला. चूक माझीच, आणि गेले दोन्ही टायर.

दोन्ही का, ते टायरवरच लिहिलेलं असतं. बाजूवर १५२/१४८ असे आकडे असतील तर पहिला एकट्या टायरसाठी, म्हणजे ३५५० किलो. दुसरा जोडीसाठी, म्हणजे प्रत्येकी ३१५० किलो. भरल्या गाडीत जोडीवर ६३०० किलो आले आणि आतला बसला, की सगळा भार बाहेरच्यावर, आणि त्याची ताकद ३५५० ची. तसंच रेटत राहिलं तर बसलेला टायर घासून पेटतोही.

उपाय खर्चाचा नाही. आतल्या व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन बसवून घ्या आणि टायर चढवताना दोघांचे व्हॉल्व्ह चाकाच्या विरुद्ध बाजूंना, अर्ध्या फेऱ्याच्या अंतरावर येतील असे ठेवायला सांगा. व्हॉल्व्हच्या टोप्या धातूच्या, आत रबर असलेल्या घ्या. टोपी फक्त धुळीसाठी नसते, व्हॉल्व्हची पिन गळायला लागली तर हवा तीच धरून ठेवते.

हवा गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर मोजायची. धावून आलेल्या टायरमध्ये ती दहा-पंधरा पीएसआयने वाढलेली दिसते. ती सोडायची नाही, सोडली तर थंड झाल्यावर टायरमध्ये हवा कमी पडेल. तापमान दहा अंशांनी उतरलं तर १०० पीएसआयमागे सुमारे चार पीएसआय आपोआप कमी होतात, त्यामुळे थंडी पडायला लागली की पुन्हा बघा. किती भरायची ते वजनानुसार टायर कंपनीच्या तक्त्यात असतं. आणि गेज आपलं स्वतःचं ठेवा, अधूनमधून दुसऱ्या चांगल्या गेजशी ताडून पाहा.

जोडीत एक नवा आणि एक झिजलेला टायर लावू नका. व्यासात फक्त ६ मिलिमीटरचा फरक असला तरी दोघांच्या घेरात जवळजवळ १९ मिलिमीटर फरक पडतो. एकाच हबवर असल्याने दोघं फिरतात सारखेच, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे सहा मीटर कुणीतरी फरफटतो. मोठा टायर भार जास्त घेतो, छोटा घासला जातो.

झीज डोळ्यांपेक्षा हाताने लवकर कळते. हातमोजा घालूनच पंजा आडवा फिरवा, कारण बाहेर आलेली तार बोट कापते. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागलं तर अलाइनमेंट बिघडलंय. दोन्ही कडा खाल्ल्या तर हवा कमी, मधला पट्टा खाल्ला तर जास्त. खळगे पडले तर शॉकअब्जॉर्बर नाहीतर बेअरिंग बघा. झिजेची मर्यादा दाखवणाऱ्या, नक्षीच्या खाचांमधल्या उंच पट्ट्या १.६ मिलिमीटरवर असतात. मी पुढचे टायर ३ मिलिमीटरच्या आसपासच काढतो, आणि पुढे रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला टायर, लावतच नाही. बाजूला फुगा दिसला तर तो टायर त्या दिवशीच उतरवायचा, त्यावर चर्चा नको.

चाक काढून बसवलं असेल तर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा कसून घ्या. नटापासून निघालेले गंजाचे ओघळ दिसले तर नट ढिला आहे असं समजा.

आणि तुमच्या गाडीचं राहिलंच. आतला फुटला म्हणालात, तिथे नवा लावला असेल. पण त्याच्या जोडीचा बाहेरचा टायर अजून तसाच चालतोय का? चालत असेल तर पुढच्या फेरीआधी तो रिमवरून उतरवून आतून तपासून घ्या. टायर फुटल्यावर गाडी थांबेपर्यंत सगळं वजन त्याच्यावर होतं.