वाचकांचे प्रश्न : बार झाल्यावर झणझणणारी रायफल

प्रश्न : वडिलांची पॉइंट १७७ ची, नळी बिजागरीवर खाली दुमडून ताणायची जुनी एअर रायफल माझ्याकडे आहे. जोर वाढावा म्हणून मी तिच्यात जाड तारेची स्प्रिंग बसवली, स्प्रिंगच्या मागे दोन वॉशर घातले आणि स्प्रिंगच्या आतला मार्गदर्शक दांडा शिवाजी उद्यमनगरातून लेथवर नवा करून आणला. वर छोटी दुर्बीणही लावली. आता ताणताना करकर होते, बार झाला की पातेल्याचे झाकण पडावे तसा आवाज घुमत राहतो आणि गालाला झिणझिण्या जाणवतात. कधी धूर निघून मोठा धडाका होतो. पूर्वी पाच छरे रुपयाएवढ्या जागेत बसत, आता तळहाताएवढे पांगतात. दोष नेमका कुठे शोधावा?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपण एका पत्रात तीन वेगळे आवाज सांगितले आहेत आणि त्यांची कारणेही एक नाहीत. म्हणून बंदूक लगेच उघडू नये. बाहेरून आत जावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. चार बदल एकदम केल्यामुळेच आज कोणत्या बदलाने काय बिघडवले हे आपल्याला कळेनासे झाले आहे.

प्रथम, रायफल ताणलेली नाही आणि नळीत छरा नाही याची खात्री करून दस्त्याचे स्क्रू पाहावेत. पुढच्या लाकडाच्या दोन्ही बाजूंचे आणि घोड्याच्या कड्याजवळचे स्क्रू अर्ध्या आट्यानेही सैल असले, तरी लाकूड आणि लोखंड वेगवेगळे थरथरतात आणि ती थरथर थेट गालापर्यंत पोचते. त्यानंतर नळी बंद ठेवून ती डावी-उजवीकडे हलवून पाहावी. बिजागरीच्या बोल्टला प्ले असेल तर हाताला कळतोच. दुर्बिणीचे तर वेगळेच आहे. स्प्रिंगची रायफल आधी मागे धक्का देते आणि स्प्रिंगने ढकललेला, हवा दाबणारा पिस्टन पुढे जाऊन थांबताच उलट दिशेने पुढे हिसका देते. या दुहेरी हिसक्याने साधी दुर्बीण रुळावरून हळूहळू सरकते, काही वेळा तिच्या आतली भिंगेही निसटतात. रुळावर पेन्सिलीने रेघ मारून दहा-पंधरा छरे मारावेत. रेघ आणि दुर्बिणीची पकड यांच्यात अंतर पडले, तर छरे पांगण्याचे निम्मे कारण तिथेच सापडले म्हणायचे.

आता त्या घुमणाऱ्या आवाजाकडे वळू. पिस्टन थांबला तरी स्प्रिंगचे वेढे थांबत नाहीत. मार्गदर्शक दांडा आणि वेढे यांच्यात मोकळी जागा असेल, तर वेढे दांड्यावर आणि पिस्टनच्या आतल्या भिंतीवर आपटत राहतात. आपला दांडा नवा आहे, पण तो कोणत्या स्प्रिंगच्या मापाने केला? जुन्या स्प्रिंगच्या मापाचा दांडा आणि जाड तारेची स्प्रिंग अशी जोडी जमली असेल, तर आवाज होणारच. स्प्रिंग दाबली गेली की तिचा व्यास किंचित वाढतो, त्यामुळे मोकळ्या अवस्थेत ती दांड्यावर हाताने ढकलल्यावर जरा अडत बसेल इतकीच ढील ठेवावी लागते. सरळ सुळकन जाणारी जोडी चालत नाही. दांडा साध्या लोखंडाऐवजी डेलरिन या कडक प्लास्टिकचा करून घेतला, तर झणझण बरीच दबते. उद्यमनगरात जाताना मात्र केवळ माप न सांगता स्प्रिंगच सोबत न्यावी आणि टर्नरकडून समोर बसवून घ्यावी.

ताणतानाची करकरही त्याच स्प्रिंगची असण्याचा संभव मोठा आहे. जाड तारेमुळे बाहेरचा व्यास वाढतो आणि ती पिस्टनच्या आत घासते. शिवाय स्प्रिंगची दोन्ही टोके सपाट आणि काटकोनात घासलेली असावी लागतात. स्प्रिंग काचेवर उभी करून शेजारी गुण्या लावावा. ती एका अंगाला झुकत असेल, तर प्रत्येक बाराला पिस्टन तिरका ढकलला जातो आणि सिलिंडरच्या एकाच बाजूला लांब ओरखडे पडतात. असे ओरखडे बोटाच्या नखाला लागू लागले, तर नुसती स्प्रिंग बदलून भागत नाही.

त्या दोन वॉशरबद्दल स्पष्टच सांगतो : ते काढावेत. जाड तारेच्या स्प्रिंगमागे वॉशर घातले की घोड्याची अटक (ताणलेला पिस्टन अडवून धरणारा भाग) बसण्याआधीच वेढे एकमेकांना टेकण्याची वेळ येते, आणि अटकेवर बनवणाऱ्याने न धरलेला ताण येतो. छरा भरत असताना अटक सुटली तर नळी झटक्यात वर येते आणि बोट मध्ये सापडते. छरा भरताना एका हाताने नळी घट्ट धरून ठेवण्याची सवय प्रत्येकाला हवी. वॉशर घातलेल्या रायफलीवर ती सवय हातासाठी विमाच आहे.

धूर आणि धडाका हे तेलाचे काम. पिस्टनपुढची हवा क्षणात दाबली जाऊन इतकी तापते की तिथे गेलेले खनिज तेल पेट घेते, डिझेल इंजिनात पेटते तसेच. जोडणी करताना स्प्रिंगला भरपूर ग्रीस फासले असेल, तर ते पिस्टनच्या टोकावरच्या, हवा अडवणाऱ्या वॉशरला ओलांडून पुढे गेले आहे असे समजावे. तेल दिल्यानंतर पहिल्या काही छऱ्यांना जळका वास येणे क्षम्य आहे; धडाका होत राहणे क्षम्य नाही, कारण त्याने पिस्टनचा वॉशर जळतो आणि स्प्रिंग तुटते. आतला भाग पूर्ण पुसून मॉलिब्डेनमयुक्त ग्रीसचा पातळ हात फक्त स्प्रिंगला आणि दांड्याला द्यावा.

आपण लिहिलेला नाही, पण ऐकून पाहावा असा आणखी एक आवाज आहे : कोरडा, जड ‘ठक्क’. पिस्टनपुढे हवेची गादी न उरल्याने तो टोकावर आदळतो तेव्हा हा आवाज येतो. नळीच्या सांध्यातला वॉशर झिजणे, छरा फार हलका किंवा सैल असणे, किंवा छऱ्याविना बार करणे ही त्याची कारणे. सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून, समोर सुरक्षित आड घेऊन एक छरा मारावा. पट्टी उडाली, तर हवा तिथून निसटते. छऱ्याविना रायफल कधीही सोडू नये, ‘नुसते पाहण्यासाठी’ तर मुळीच नको.

जोर वाढवण्याच्या हेतूविषयी दोन शब्द. दहा मीटरच्या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि तो टिपणाऱ्या रायफलीतून छरा सेकंदाला साधारण १७५ मीटर वेगाने सुटतो. अर्धा ग्रॅम वजनाच्या छऱ्याला एवढा वेग म्हणजे आठ ज्यूलच्या आसपास ऊर्जा. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसळे यांच्या जिल्ह्यात नेमबाजीचे वेड असणे स्वाभाविक आहे, पण दुधाळीच्या रेंजवर कोणीही सांगेल की नेम सुधारतो तो शांत सुटणाऱ्या रायफलीने. कायद्याचाही भाग आहे. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या (म्हणजे आपल्या पॉइंट १७७ पर्यंतच्या) आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवान्यातून सूट आहे. ०.५३ ग्रॅमच्या छऱ्याने सेकंदाला २७५ मीटर गाठले, की ती मर्यादा संपते. आपली रायफल तिथवर गेली नसेलही, पण घरच्या घरी जोर वाढवणाऱ्याने ही रेघ कुठे आहे ते जाणून असावे.

माझा सल्ला असा की, स्प्रिंगमागचे वॉशर काढून त्याच कंपनीची मूळ मापाची नवी स्प्रिंग आणि तिला जुळणारा दांडा बसवावा. हे काम सवय असलेल्याकडून, स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा लावूनच व्हावे. मागची पिन काढताच दाबलेली स्प्रिंग टोपीसकट अंगावर येते.

प्रश्न : आजोबांनंतर परवान्यासह माझ्या नावावर आलेली पॉइंट २२ ची सेमी ऑटोमॅटिक रायफल आहे. मागच्या मालकाने तिच्या घोड्यात काही घासकाम केल्याचे ऐकले आहे. हल्ली ती खडखडते आणि एकदा घोडा दाबल्यावर दोन बार झाले. घरी दुरुस्त करता येईल का?
– एक वाचक, राधानगरी तालुका

उत्तर : नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे अग्निशस्त्राची दुरुस्ती आणि त्यात बदल करण्याचा व्यवसाय परवानाधारकानेच करायचा असतो. शिवाय एका दाबात दोन बार होणे हे अटक झिजल्याचे किंवा चुकीची घासल्याचे चिन्ह असते. घोडा सोडेपर्यंत गोळ्या सुटत राहतील असे शस्त्र कायद्याने निषिद्ध वर्गात पडते, तेव्हा ‘एवढ्यापुरते चालवू’ हा विचार मनातून काढावा. मॅगझिन काढून, चेंबर (नळीच्या मागची, गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी आणि करंगळीने तपासून रायफल आजच कपाटात बंद करावी आणि परवान्यासह परवानाधारक शस्त्रदुरुस्तकाकडे न्यावी. घोड्यात घासकाम झाले आहे, हे त्याला सर्वांत आधी सांगावे.

खडखड मात्र साधी असू शकते. या रायफलीत बोल्ट स्वतःच मागे जाऊन परत येत असल्याने थोडा धातूचा आवाज नेहमीचाच. पॉइंट २२ च्या शिशावरचे मेण आणि जळालेल्या दारूची काजळी साचली की बोल्ट पूर्ण मिटत नाही, आणि मिटतानाचा ‘खट्ट’ आवाज मऊ ऐकू येतो. ती साफसफाई दुरुस्तकाकडूनच करून घ्यावी. दुरुस्तीनंतर कधी बाराऐवजी नुसते ‘फुस्स’ झाले, तर दुसरी गोळी झाडू नये. नळी सुरक्षित दिशेला रोखून काही वेळ थांबावे, रायफल रिकामी करावी, आणि शिसे नळीत अडकलेले नाही हे आरपार उजेड पाहून ठरेपर्यंत घोड्याला बोट लावू नये.