खेड्यात राहून लाइफस्टाइल लेखक-संपादक होता येईल का?

वाशिम जिल्ह्यातल्या खेड्यात राहून, मराठीत बीए करून लाइफस्टाइल पुरवण्यांसाठी लिहिता येईल का आणि पुढे संपादनात जाता येईल का, असं तुम्ही विचारलंय. लिहिणं गावातून जमतं. संपादनाच्या नोकरीसाठी मात्र बहुधा अकोला, अमरावती नाहीतर नागपूर गाठावं लागतं.

‘हिवाळ्यात त्वचेची काळजी’ असले विषय पाठवू नका, ते पुरवणीच्या डेस्कवर बसल्या बसल्या लिहून होतात. पोहरादेवीच्या परिसरातलं बंजारा भरतकाम, लहान मुलांच्या तान्हा पोळ्याचे लाकडी बैल, शेतातली रोडग्यांची (निखाऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची) पंगत हे तिथे कोणाला सुचत नाही.

रोडगेच घ्या. ‘कणीक भिजवून रोडगे भाजावेत’ एवढंच छापलं, तर वाचणाऱ्याचा रोडगा आतून कच्चा राहणार. पीठ जाडसर दळलेलं हवं, तेलाचं मोहन हवं, गोळा घट्ट हवा. गोवऱ्यांचा जाळ बसून निखारे झाले की मगच रोडगे ठेवायचे. जाळात टाकले तर वरून करपतात आणि आत पीठच राहतं. हे ‘का’ लिहिलंत की लेख उभा राहतो. माप ग्रॅममध्ये द्या, वाटी घराघरात वेगळी असते. आणि ‘याने शुगर उतरते’ असलं काही डॉक्टरला विचारल्याशिवाय लिहू नका.

नवख्याने प्रस्ताव नाही, पूर्ण लेखच मेल करावा: 500-600 शब्द, युनिकोडमध्ये (मोबाइलवर मराठी टाइप होतं तेच), सोबत स्वतः काढलेले दोन-तीन आडवे फोटो. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला फोटो छपाईत फुटतो, तेव्हा मूळ फाइल जोडा. हंगामाच्या महिनाभर आधी पाठवा. पोळा झाल्यावर पोळ्याचा लेख कोण घेणार? दिवाळी अंकांचं तर जून-जुलैतच बघा. एकच लेख एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवला आणि दोन्हीकडे छापून आला, तर दोन्ही दारं बंद.

संपादनाचा हात घरीच बसवता येतो. स्वतःचा 800 शब्दांचा लेख 500 वर आणा, मग 300 वर; प्रत्येक वेळी नवा मथळा द्या. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 18 नियम पाठ हवेत. उपसंपादकाच्या चाचणीत इंग्रजी मजकुराचं भाषांतरही बहुधा असतंच, त्यामुळे रोज एक परिच्छेद मराठीत करत जा. बरेच जण तिथेच अडकतात.

मानधन आधीच विचारा. जिल्हा आवृत्त्या अनेकदा काहीच देत नाहीत, म्हणून हातचं काम इतक्यात सोडू नका.