वाचकांचे प्रश्न : ‘अपारंपरिक धोके’ या विषयावर प्रबंध कसा करावा?

प्रश्न : मी पुण्यात संरक्षणशास्त्रात एम. ए. करते आहे. ‘भारतापुढील अपारंपरिक सुरक्षा धोके’ हा प्रबंधाचा विषय गाइडनी ‘फार पसरट’ म्हणून परत केला. मला साथीचे रोग आणि पाणी यांत रस आहे. विषय नेमका कसा करू?
– एक वाचक, वारजे

उत्तर : गाइड बरोबर सांगताहेत. अपारंपरिक धोके म्हणजे शत्रूच्या सैन्याखेरीजचे धोके : साथीचे रोग, पाणी, सायबर हल्ले वगैरे. त्यांत सीमेपेक्षा माणसाची सुरक्षा, म्हणजे ‘मानवी सुरक्षा’, पाहिली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या १९९४च्या मानव विकास अहवालाने मानवी सुरक्षेचे सात भाग केले : आर्थिक, अन्न, आरोग्य, पर्यावरण, वैयक्तिक, समुदाय आणि राजकीय. बहुतेक सिनॉप्सिसमध्ये हे सातही येतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला चार पानं येतात. तुम्ही त्यातला एक भाग घ्या, एक वस्ती घ्या आणि व्यवस्था नेमकी कुठे तुटली, एवढंच विचारा.

तुमचा विषय वारज्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे (जीबीएस : शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवर हल्ला करते असा आजार) रुग्ण एकाएकी वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा पोटाचा संसर्ग करणारा जिवाणू सापडला; अशा संसर्गानंतर जीबीएस होऊ शकतो. नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१मध्ये महापालिकेत आली, पण पाणी विहिरीचंच राहिलं, तेही फक्त क्लोरीन टाकून. हद्द वाढल्यावर पाणी शुद्ध करण्याची जबाबदारी कागदावर कोणाकडे होती आणि प्रत्यक्षात कोण पाहत होतं, हा तुमचा प्रश्न असू शकतो. शासनाची क्षमता जिथे अपुरी पडते, तिथे आरोग्याचा प्रश्न सुरक्षेचा होतो. आमच्या मते प्रबंधाचा गाभा तोच असावा.

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. जीबीएसची लक्षणं संसर्गानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. म्हणून रुग्ण दाखल झाला त्या दिवसाच्या पाण्याच्या नोंदी फारशा कामाच्या नाहीत. आधीच्या महिन्याच्या मागवा. दुसरं म्हणजे हा जिवाणू अर्धकच्च्या कोंबडीतूनही पसरतो, तेव्हा पाण्यालाच आरोपी ठरवून कामाला लागू नका.

नोंदी माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘पाणी शुद्ध होतं का?’ असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही, कारण कायद्यानं अस्तित्वात असलेली नोंद मिळते, अधिकाऱ्याचं मत मिळत नाही. ‘अमुक टाकीवरील अमुक तारखांच्या उर्वरित क्लोरीनच्या नोंदवहीची प्रत’ असं लिहा.

स्वतः नमुने घेणार असाल तर विहीर, टाकी आणि टाकीपासून सर्वांत लांबचा नळ, असे तीन बिंदू धरा. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरायला हवं. ते जागेवरच तपासा, कारण ते उडून जातं. जिवाणू तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या आणि तिच्यात सोडियम थायोसल्फेट आहे ना, ते विचारून घ्या. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, मग बाटली भरा, वर थोडी जागा सोडा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. थायोसल्फेट नसेल तर वाटेतही क्लोरीन जिवाणू मारत राहतं आणि अहवाल ‘स्वच्छ’ येतो. आणि हे नमुने आजचं पाणी दाखवतील. साथीनंतर क्लोरीनचं प्रमाण बदललेलं असू शकतं, त्यामुळे आजच्या आकड्यांवरून साथीच्या दिवसांबद्दल निष्कर्ष काढू नका.

प्रश्न : बँकांवरील सायबर हल्ल्यांवर काम करायचं आहे. ‘सर्ट-इन’ या सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडून माहिती अधिकारात घटनांची यादी मिळेल का?
– एक विद्यार्थी, कोथरूड

उत्तर : जवळपास नाहीच. नोव्हेंबर २०२३पासून ही संस्था माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४खाली वगळलेली आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांपुरताच अपवाद. न्यायालयाच्या कागदांकडे वळा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८मध्ये झालेल्या हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले : ११ तारखेला २८ देशांतल्या एटीएममधून आणि देशातूनही, तर १३ तारखेला स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेमार्गे हाँगकाँगला. ‘खात्यात पैसे आहेत का?’ ही एटीएमची विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचलीच नाही. मध्येच बसवलेली बनावट यंत्रणा परस्पर होकार देत राहिली. २०२३मध्ये पुण्यातल्या न्यायालयानं या खटल्यात ११ जणांना दोषी ठरवलं. निकालपत्राच्या नकलेसाठी अर्ज करा. पैसे काढणारी माणसं कशी जमवली जातात, हे अशा कागदांतून समजतं.

गुन्ह्यांची आकडेवारी वापरताना एक सांभाळा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग एका एफआयआरमधला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजतो, आणि सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावरच्या सगळ्या तक्रारींचे एफआयआर होत नाहीत. हे दोन आकडे एकाच तक्त्यात शेजारी मांडू नका.