बाळ सुखरूप, पण बाळंतीण?

प्रश्न : सुनेला आठवा महिना लागलाय. पहिल्या वेळी वार पडल्यावर फार रक्त गेलं होतं. हिमोग्लोबिन ८.९, रक्तगट बी निगेटिव्ह. काय तयारी ठेवावी?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : रात्री-बेरात्रीही सिझेरियन होतं आणि रक्त लगेच मिळतं, असंच रुग्णालय आत्ता ठरवा. घराजवळचं, ओळखीचं म्हणून लहान प्रसूतिगृह धरू नका. इंदूरच्या महाराजा तुकोजीराव रुग्णालयासारख्या (एमटीएच) सरकारी ठिकाणी औषधं, रक्त, सिझेरियन मोफत असतं.

आता नुसत्या गोळ्यांवर विसंबायला वेळ उरलेला नाही. शिरेतून लोह देता येईल का, हे याच आठवड्यात विचारा. गोळी चालू असेल तर चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. आईचा रक्तगट निगेटिव्ह असला की लागणारं अँटी-डीचं इंजेक्शन २८व्या आठवड्याच्या सुमारास देतात. राहिलं असेल तर डॉक्टरांना आजच सांगा. बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला तर ७२ तासांच्या आत पुन्हा द्यावं लागतं. गेल्या तीन महिन्यांत रक्त न दिलेले बी निगेटिव्ह दाते तीन-चार तरी गाठून ठेवा. त्यांचे नंबर फाइलवर लिहा. मोबाइल ऐन वेळी बंद पडतो.

बाळ हाती आलं की घरचे पेढ्यांच्या मागे धावतात. खरी पाळत तेव्हाच हवी. जन्मानंतर मिनिटभरात गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन द्यायचं असतं. ते २ ते ८ अंशांत ठेवलेलं नसेल तर त्याचा जोर ओसरतो. पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी आणि गर्भाशयाची पिशवी तपासायला हवी. बेंबीच्या आसपास ती कडक लागली पाहिजे. मऊ पडली की रक्त वाहतं. लघवी तुंबली तरी गर्भपिशवी आकसत नाही, म्हणून सुनेला वेळेवर लघवीला न्या, उठवत नसेल तर नर्सला सांगा.

अर्धा लिटर रक्त गेलं म्हणजे धोक्याची घंटा, आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर त्याआधीच. चादरीत मुरलेलं रक्त नेहमी कमीच वाटतं; म्हणून खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी अंगाखाली लावता का, हे आधीच विचारून ठेवा. पॅड पंधरा मिनिटांत चिंब झाला, नाडी ११०च्या वर गेली, ओठ पांढरे पडले, तर लगेच हाक मारा. ‘एवढं जातंच’ या उत्तरावर गप्प बसू नका : रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड जन्मानंतर तीन तासांच्या आतच द्यायचं असतं, आणि जितका उशीर तितका गुण कमी.

प्रश्न : बाळंतपणात दगावलेल्या बाईचे केस पेपर घरच्यांना मिळतात का?
— एक वाचक, महू

उत्तर : मिळतात. लेखी अर्ज देऊन पोच घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार डॉक्टरांनी ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. पार्टोग्राफ (कळा सुरू झाल्यापासूनच्या प्रगतीचा तक्ता), भुलीची नोंद आणि रक्ताची मागणी नेमकी किती वाजता गेली तो कागद आवर्जून मागा. घोळ बहुतेकदा तिथेच सापडतो. बाळंतपणानंतर ४२ दिवसांच्या आतला मृत्यू, अपघात वगळता, मातामृत्यू धरून त्याचा जिल्ह्यात आढावा घेतला जातो. घरच्यांचं म्हणणं त्यात ऐकलं जावं, असं मुख्य चिकित्सा व स्वास्थ्य अधिकाऱ्यांना लिहून द्या. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने २०१२मध्ये बाळंतपणातून जिवंत वाचणं हा स्त्रीचा मूलभूत हक्क मानला आहे. अर्जात तो निकाल नमूद करा.