१४ एप्रिलच्या भाषणाबद्दल

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद. नगरपरिषदेच्या अग्निशमन दलात तुला अजून वर्ष झालं नाही आणि १४ एप्रिलचं, अग्निशमन सेवा दिनाचं भाषण तुझ्याच गळ्यात पडलं, हे वाचून हसू आलं. आमच्याकडेही हेच. जो नवा, त्याच्या खांद्यावर जड होज आणि हातात माईक.

तू पाठवलेला मसुदा दोनदा वाचला. 'शहीद' शब्द सात वेळा आला आहे. ती माणसं गेली कशी, हे मात्र एकदाही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी पत्र म्हणजे त्याचा पाल्हाळ समज.

१९४४ची ती दुपार नीट सांग. 'फोर्ट स्टिकिन' बोट कराचीहून येऊन १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागली. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि त्यांच्या संगतीला कापसाच्या गाठी. आपल्याकडे ज्यानं गवताची उडवी पेटलेली पाहिली आहे त्याला कापूस समजावून सांगावा लागणार नाही. वरून विझल्यासारखा दिसतो, आत धुमसत राहतो. १४ला दुपारी खणातून धूर निघाला. बंब आले, पाईप सोडले, ९०० टनांहून जास्त पाणी आत गेलं, तरी धुरामुळे आगीचं मूळ सापडेना. बोट जागीच बुडवायची की बाहेर न्यायची, यावर एकमत होईना. आणि आपली माणसं डेकवर उभी राहून पाणी मारत राहिली. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. मुंबई दलाचे ६६ जण गेले.

त्या बोटीवरच्या सोन्याच्या विटा स्फोटात उडाल्या, ती गोष्ट सांगू नकोस. लोकांना ती फार आवडते, म्हणूनच. एकदा विटा आल्या की ६६ माणसं मागे पडतात.

मुंबईतली काळबादेवीची आग तुला ठाऊक आहे. ९ मे २०१५, गोकुळ निवास, जुनी इमारत. मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर धरून चार अधिकारी त्या आगीनं नेले. दलाचा सर्वांत वरचा माणूस त्या वेळी कचेरीत नव्हता, आगीपाशी होता, हे जरूर सांग. आणि इर्शाळवाडी. जुलै २०२३मध्ये दरड कोसळली तेव्हा मदतीला डोंगर चढताना नवी मुंबईच्या दलातले एक अधिकारी हृदयविकारानं गेले. तिथं आग नव्हतीच. पण वर्दी आली की आग, पूर, दरड असा भेद आपल्याकडे कुठे असतो?

आता जे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही ते. माझ्या बरोबरीचा एकजण, आपल्याच खाडीपलीकडचा, गोदामाच्या आगीत गेला. त्याच्या आईला दरवर्षी कार्यक्रमाला बोलावत. शाल, श्रीफळ, पहिल्या रांगेत खुर्ची. पाचव्या वर्षी तिला एसटीत बसवायला मी गेलो. गाडीची वाट बघताना ती म्हणाली, "तेका पाणी गावला काय रे?"

मी म्हटलं, हो आजी, टँकर लगेच आला होता, प्रेशरही चांगलं होतं.

ती नुसती बघत राहिली. गाडी सुटल्यावर माझ्या लक्षात आलं की ती प्यायच्या पाण्याचं विचारत होती.

पाच वर्षांत पाच नारळ तिच्या घरी गेले, आणि मुलगा शेवटच्या घटकेला कसा होता हे एकानंही सांगितलं नाही. मीही त्यातलाच. त्या मे महिन्यात तिच्या पडवीत बसून सगळं सांगितलं. किती आत गेला होता, सोबत कोण होतं, बाहेर कुणी आणलं, आणि पाणी नाही मिळालं हेही. ती कोकमं फोडत ऐकत होती. हात थांबला नाही. शेवटी म्हणाली, चाय घे.

तेव्हा तुमच्या स्मृतिफलकावरची जी दोन नावं आहेत, त्यांच्या घरी कार्यक्रमाच्या आधी जाऊन ये. निमंत्रणपत्रिका घेऊन जायची गरज नाही. त्यांनी विचारलं तर जे माहीत आहे ते सांग. जुन्या माणसांना विचारून माहीत करून घे, कागदोपत्री काय लिहिलंय ते वाच. 'कर्तव्य बजावताना' एवढ्यावर कुठल्याही आईचं समाधान होत नाही.

आणि १४ ते २० हा अग्निशमन सप्ताह आहे, तो हारतुऱ्यांत घालवू नका. धुरात श्वास घ्यायच्या बीए सेटचे सिलिंडर भरलेले आहेत का, मास्क तोंडाला घट्ट बसतो का, पंप पहिल्या झटक्याला चालू होतो का, ते बघा. बोंबाबोंब करावी लागली तरी कर, नवा आहेस म्हणून गप्प बसू नकोस. एप्रिलात सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, वणवा लागला की बागायतदार झाडाच्या पाल्याचे टाळ घेऊन धावतात, साध्या कपड्यांत, चपला घालून. त्यांना एक संध्याकाळ बोलाव. वारा आगीला जिकडे ढकलतो त्या बाजूनं तिच्या तोंडावर जायचं नाही, गवताचा पट्टा मोकळा करून जाळरेषा आधीच मारून ठेवायची, हे दाखव. महामार्गावर गॅसचा टँकर उलटला तर मोबाईल घेऊन बघायला जमायचं नाही, वाऱ्याच्या उलट दिशेला लांब जायचं, चुली विझवायच्या, हेही. जे गेले त्यांच्यासाठी दोन मिनिटं शांत उभं राहणं मला नकोसं आहे असं नाही. पण ड्रिल न करता उभं राहिलं की माझे पाय तरी अवघडतात.

भाषण पाच मिनिटांच्या वर नेऊ नकोस. शेवटी घोषणा नको, नावं वाच, सावकाश. आडनाव नीट उच्चार, आपल्याकडे त्यात फार गोंधळ होतो.

आणि घरची माणसं येतील त्यांना भर उन्हात पहिल्या रांगेत बसवू नकोस. सुरंगीच्या झाडाखाली सावली असते, तिथं खुर्च्या मांड, शेजारी पाण्याची कळशी ठेव.

मसुदा बदललास की पाठव. पोस्टानं पाठव, या फोनवर मला अक्षरं दिसत नाहीत.

तुझा,
काका