ट्रॉफ्या मुंबईकडे, गर्दी कोचीत

तुझ्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. पहिला, संडरलंड या इंग्लिश फुटबॉल क्लबला "छोटा क्लब" म्हणणारा तुझा घोडबंदर रोडवरचा मित्र बरोबर की चूक. दुसरा, मुंबई सिटीकडे आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, दोन ट्रॉफ्या (फायनल जिंकल्याचा कप) आणि दोन शील्ड (लीगच्या तक्त्यात पहिलं आल्याबद्दल) असूनही अंधेरीचं छोटंसं मैदान भरायला मारामार, आणि आयएसएलची एकही ट्रॉफी न जिंकलेल्या केरला ब्लास्टर्सला कोचीत एवढी गर्दी, हे कसं. दोन्हींचं उत्तर मला एकच दिसतं, म्हणून एकत्र लिहितो. लांबेल.

आधी माझं मत. जिंकल्यावर गर्दी वाढते, पण ती दोन-तीन सीझनपुरती. पिढ्यानपिढ्या टिकायची तर ते जिंकणं गावातल्या लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं, आणि ज्यांनी पाहिलं त्यांना पुढे आपल्या पोरांना सामन्याला नेता यावं लागतं. यातली एक कडी तुटली की ट्रॉफी कपाटात राहते आणि स्टँड रिकामे होतात.

संडरलंड सहा वेळा इंग्लंडचं चॅम्पियन झालं, शेवटचं 1936 मध्ये. 1973 मध्ये सेकंड डिव्हिजनमध्ये असताना त्यांनी बलाढ्य लीड्सला 1-0 हरवून एफए कप, इंग्लंडची सर्वात जुनी नॉकआउट स्पर्धा, जिंकला. त्यानंतर तसं मोठं काही नाही. लागोपाठ दोनदा रेलिगेशन, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये घसरण, होऊन 2018 मध्ये क्लब थेट तिसऱ्या स्तरावर, लीग वनमध्ये आला. आणि त्याच वर्षी 26 डिसेंबरला ब्रॅडफर्ड सिटीविरुद्धच्या सामन्याला 46,039 लोक होते. तिसऱ्या स्तरावरच्या सामन्याला! 1936 पाहिलेला माणूस त्या दिवशी स्टँडमध्ये क्वचितच असेल, पण 1973 पाहिलेले बरेच असणार, आणि त्यांच्या शेजारी त्यांची मुलं-नातवंडं. गावात दुसरा मोठा क्लब नाही. बोटी बांधायचं आणि कोळसा खणायचं काम करणारं गाव ते. 1898 पासून जवळजवळ शंभर वर्षं क्लब रोकर पार्कवर खेळला. 1997 मध्ये नवं स्टेडियम बांधलं तेही गावातच, 1993 मध्ये बंद पडलेल्या मंकवेअरमाउथ खाणीच्या जागेवर. बाहेर खाणकामगारांच्या दिव्याची मोठी प्रतिकृती आहे. खाण गेली, गोदी गेली, तरी शनिवारी दुपारी जायची जागा राहिली. अशा क्लबला छोटा म्हणणं मला पटत नाही.

मँचेस्टर सिटीचंही तेच. आज कुणीही त्यांना "पैशाने विकत घेतलेले फॅन" म्हणून हिणवतं, पण 1998-99 मध्ये हा क्लब तिसऱ्या स्तरावर होता आणि मेन रोड या त्यांच्या जुन्या मैदानावर सरासरी 28 हजारांहून जास्त लोक येत होते. अबू धाबीचा पैसा आला 2008 मध्ये. गर्दी त्याच्या कितीतरी आधीची आहे, 1968 चं विजेतेपद पाहिलेल्या बापांनी उभी केलेली.

आता उलटी बाजू. हडर्सफील्ड टाउनने 1924, 1925, 1926 अशी सलग तीन वर्षं लीग जिंकली. त्याआधी हे कुणालाच जमलं नव्हतं. हाच क्लब 1970 च्या दशकात चौथ्या डिव्हिजनमध्ये पोचला. शेजारी लीड्स मोठं होत होतं, गावात रग्बी लीगचं वेड होतं, आणि ज्यांनी ती तीन वर्षं पाहिली होती ती माणसं हळूहळू संपत गेली. त्यांचा तो पराक्रम आज फुटबॉलच्या क्विझमध्ये जास्त भेटतो, सीझन तिकिटांच्या आकड्यांत कमी.

विम्बल्डनची गोष्ट मात्र मला सगळ्यात जवळची वाटते, कारण ती आपल्याला लागू पडते. 1988 मध्ये त्यांनी लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकला. 1991 मध्ये स्वतःचं प्लाउ लेन मैदान सोडून सेलहर्स्ट पार्कवर, म्हणजे क्रिस्टल पॅलेसच्या घरी, भाडेकरू म्हणून गेले. जानेवारी 1993 मध्ये एव्हर्टनविरुद्धच्या त्यांच्या सामन्याला 3,039 लोक होते. कोविडमधले रिकाम्या स्टँडचे सामने सोडले तर प्रीमियर लीगच्या इतिहासातला हा नीचांक. संघ तोच, डिव्हिजन सर्वात वरची, कप जिंकून पाच वर्षंही झाली नव्हती. फक्त जागा गेली होती. पुढे 2002 मध्ये क्लब मिल्टन कीन्स या दुसऱ्याच गावी हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा फॅन लोकांनी स्वतः एएफसी विम्बल्डन काढला, अगदी तळाच्या लीगांपासून सुरुवात केली, 2011 मध्ये फुटबॉल लीगमध्ये आणला आणि 2020 मध्ये पुन्हा प्लाउ लेनला नवं मैदान बांधून घरी परतले. कप मिल्टन कीन्सकडे राहू दिला नाही. त्या इतिहासावरचा हक्कही परत मिळवला. हे वाचताना मला आजही भरून येतं.

आकड्यांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेव. इंग्लंडमध्ये जाहीर होते ती बहुतेक वेळा विकलेल्या तिकिटांची संख्या, सीझन तिकीटवाला घरी झोपला असला तरी तो मोजला जातो. आपल्याकडे फुकट पास वाटून स्टँड भरलेले असतात. मैदानाची क्षमताही पाहायला हवी. ब्रेंटफर्डकडे सतरा हजारांच्या आसपास खुर्च्या आहेत, ते भरून भरून किती भरणार? आणि 1989 च्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीनंतर वरच्या डिव्हिजनमधले उभे राहायचे स्टँड गेले, त्यामुळे मेन रोडवर 1934 मध्ये जमलेल्या 84,569 लोकांशी आजच्या कुठल्याही सामन्याची तुलना करण्यात अर्थ नाही. मी स्वतः एकच आकडा बघतो: संघ घसरल्यावर किती लोक उरले.

आता तुझ्या मित्राला संडरलंड छोटं का वाटतं? कारण ठाण्या-नव्या मुंबईतले आपण सगळे टीव्हीचे वारसदार. केबलवर इंग्लिश फुटबॉल दिसायला लागलं तेव्हा जे जिंकत होते ते आपले झाले. 1999 च्या ट्रेबलच्या (एका सीझनमध्ये तीन मोठ्या ट्रॉफ्या) वेळी शाळेत असलेला मँचेस्टर युनायटेडचा, 2003-04 चं अपराजित आर्सेनल पाहिलेला आर्सेनलचा, इस्तंबूलची 2005 ची चॅम्पियन्स लीग फायनलची रात्र जागवलेला लिव्हरपूलचा. वय सांगितलं की जर्सी ओळखता येते. नॉटिंगहम फॉरेस्टने 1979 आणि 1980 असे सलग दोन युरोपियन कप जिंकले, पण नेमके 1999 मध्ये ते प्रीमियर लीगमधून गेले आणि 2022 पर्यंत परतले नाहीत. त्यामुळे वाशीत फॉरेस्टची जर्सी घातलेला माणूस मला अजून दिसलेला नाही. त्यात फॉरेस्टचा दोष काही नाही, आपल्या टीव्हीच्या वेळापत्रकाचा आहे. टीव्हीवर जडलेलं प्रेमही खरंच असतं. पहाटे अडीचपर्यंत जागणाऱ्या पोरांची निष्ठा मी पाहिली आहे. पण त्या प्रेमाने क्लबच्या तिजोरीत भर पडते, स्टँडमध्ये नाही.

केरळकडे वळू. ब्लास्टर्स 2014, 2016 आणि 2022 अशा तीन फायनल हरले. तरी कोचीतलं कलूरचं स्टेडियम पिवळं होतं, कारण ती गर्दी ब्लास्टर्सपेक्षा जुनी आहे. मलबारात सेव्हन्सचे, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या फुटबॉलचे, सामने पाहायला गावंच्या गावं लोटतात. 1973 मध्ये केरळने पहिल्यांदा संतोष ट्रॉफी, राज्यांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकली, 1990 आणि 1991 मध्ये केरळ पोलिसांनी फेडरेशन कप जिंकला, सत्यन आणि विजयन या त्यांच्या खेळाडूंची नावं घराघरात गेली. फुटबॉल पाहायला जायची सवय आधीच होती, ब्लास्टर्सने तिला एक रंग दिला. कोलकात्याला तर मोहन बागानची 1911 ची आयएफए शील्ड आजही घरातली गोष्ट असल्यासारखी सांगतात. ईस्ट बंगालने 2004 नंतर वीस वर्षांत राष्ट्रीय लीग एकदाही जिंकली नाही, आयएसएलमध्ये आल्यावर सलग काही वर्षं तळाशी राहिले, तरी मोहन बागानविरुद्धच्या डर्बीला सॉल्ट लेक स्टेडियम भरतंच.

आणि आपण? मुंबईत फुटबॉल नव्हतं असं कुणी म्हणालं की मला राग येतो. रोव्हर्स कप ही इथली फुटबॉल स्पर्धा 1891 पासूनची आहे. कूपरेजवर मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्रा असे एकाहून एक संघ खेळले. पण ते कंपन्यांचे संघ होते. महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची नॅशनल लीग जिंकली आणि 2010 मध्ये कंपनीने संघ बंद केला. मुंबई एफसी 2007 मध्ये आला, 2017 मध्ये गेला. बाप ज्या संघासाठी ओरडला तो संघच पोरापर्यंत पोचला नाही.

मुंबई सिटीच्या ट्रॉफ्या कुठे मिळाल्या ते बघ. 2021 ची शील्ड आणि कप, दोन्ही गोव्यात, कोविडच्या बायो-बबलमध्ये, रिकाम्या स्टँडसमोर. बिपिन सिंगचा नव्वदाव्या मिनिटाचा गोल आपण सोफ्यावर बसून पाहिला. 2023 ची शील्ड निश्चित झाली गोव्यात फातोर्ड्याला, एफसी गोवाविरुद्ध 5-3 जिंकून. 2024 चा कप सॉल्ट लेकला, मोहन बागानला त्यांच्याच घरी 3-1 हरवून. चारही वेळा निर्णायक क्षण मुंबईबाहेर! देशातला सर्वात यशस्वी संघ म्हणावा अशी ती चार वर्षं, आणि "मी तिथे होतो" असं सांगणारा मुंबईकर मोठ्या मुश्किलीने सापडेल.

त्यात जागेचं. 2014 आणि 2015 मध्ये क्लब नेरूळला डी. वाय. पाटीलवर खेळायचा. पहिल्या घरच्या सामन्यात पुण्याला 5-0 हरवलं, आंद्रे मोरित्सची हॅटट्रिक. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने पोरं थेट यायची, पनवेल-खारघरहून हार्बरने. 2016 मध्ये क्लब अंधेरीला गेला. अंधेरीचं मैदान फुटबॉलला जास्त चांगलं आहे हे मी मान्य करतो, खेळाडूंचा आवाज ऐकू येतो इतकं जवळ, आणि वेस्ट कोस्ट ब्रिगेड या फॅन-गटाची मंडळी नव्वद मिनिटं एका दमात गातात. पण खाडीच्या या बाजूला नुकती लागलेली सवय तुटली. भूक मात्र होती. नोव्हेंबर 2023 मध्ये एशियन चॅम्पियन्स लीगसाठी अल हिलाल नेरूळला आले. नेमार जखमी होता, तो आलाच नाही. सामना आपण 0-2 हरलो. तरीही अंधेरीत मावणार नाहीत इतके लोक त्या रात्री आले होते. नेरूळच्याच यशवंतराव चव्हाण मैदानावर संध्याकाळी कोचिंगला येणाऱ्या पोरांची संख्या पाहिली तरी हेच कळतं. वर्षातले दोन-तीन सामने तरी नेरूळला ठेवावेत असं मला मनापासून वाटतं.

तू अजून एकदाही मुंबई सिटीचा सामना मैदानात पाहिला नाहीस असं लिहिलंयस. ठाण्याहून अवघड नाही. घाटकोपरला उतर, मेट्रो पकड, आझाद नगरला उतरलास की स्टेडियम चालत आहे. साडेसातचा सामना साडेनऊच्या सुमाराला सुटतो, शेवटच्या मेट्रोची वेळ आधी बघून ठेव. तिकीट वेस्ट कोस्ट ब्रिगेड बसते त्या स्टँडचं काढ. आणि धाकटा भाऊ आहे म्हणालास ना, त्यालाही घेऊन जा.