रात्री वजा शहरं

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या युरोपच्या सहलीचा तक्ता मिळाला. रंग छान भरलेस. १५ रात्री, ९ शहरं: पॅरिस दोन, ब्रुसेल्स एक, अ‍ॅमस्टरडॅम दोन, बर्लिन दोन, प्राग दोन, व्हिएन्ना एक, व्हेनिस एक, फ्लॉरेन्स एक आणि रोम तीन. खाली विचारलंयस, "मावशी, प्रागला दोन रात्री पुरतील ना?"

प्रागचं नंतर बघू. आधी एक साधी वजाबाकी कर. एकूण रात्रींतून शहरांची संख्या वजा कर. १५ वजा ९ म्हणजे ६. तुझ्या सोळा दिवसांच्या सहलीत इतकेच दिवस असे आहेत, की ज्या खोलीत सकाळी उठलीस त्याच खोलीत रात्री झोपायला येशील. उरलेले दहा दिवस बॅगेचे.

हिशोब उघड आहे. एखाद्या गावात तीन रात्री काढल्या तर मधले पूर्ण दिवस दोनच मिळतात, दोन रात्री काढल्या तर एक, आणि एक रात्र काढली तर शून्य. तुझ्या तक्त्यात ब्रुसेल्स, व्हिएन्ना, व्हेनिस आणि फ्लॉरेन्स ही चार शहरं शून्याची आहेत. तू रकान्यात "व्हिएन्ना – १ दिवस" लिहिलंयस, तो दिवस कुठून आणलास? प्रागहून व्हिएन्नाला रेल्वेने चार तास लागतात. सकाळी आवरून निघालीस तरी दुपारी पोहोचशील, आणि दुसऱ्या दिवशी तर व्हेनिसची वाट धरायची आहे. म्हणून यापुढे दिवस लिहायचेच नाहीत. तक्त्यात फक्त रात्री लिहायच्या.

गाव बदलायच्या दिवशी काय होतं ते जरा नीट सांगते, कारण तिकिटावर ते दिसत नाही. पॅरिस ते अ‍ॅमस्टरडॅम तिकिटावर साधारण तीन तास वीस मिनिटं. पण खोली दहा-अकराला सोडायची, नवी खोली बहुतेक ठिकाणी तीनला मिळणार. स्टेशनवर अर्धा-पाऊण तास आधी पोहोचायचं, उतरल्यावर ट्राम शोधायची, तिचं तिकीट कसं काढतात ते शिकायचं, चुकीच्या दिशेच्या फलाटावर एकदा उभं राहायचं. खोलीपासून खोलीपर्यंत सहा तास धर. विमानाचं तर विचारूच नकोस. पॅरिस-व्हेनिस उड्डाण पावणेदोन तासांच्या आतबाहेरचं, पण विमानतळं शहराबाहेर, त्यामुळे तेही सहा तासांवरच जातं. रात्रीच्या गाडीने एका रात्रीचं हॉटेल वाचतं हे खरं, मात्र सकाळी आंघोळीविना, अर्धवट झोपेत उतरायचं आणि तीन वाजेपर्यंत खोली नाही. तुझ्या वयात चालेल. मला आता चालत नाही.

माझं व्हेनिस सांगते. मीही तिथे एकच रात्र ठेवली होती आणि खोली घेतली थेट सान मार्को चौकाच्या मागे, स्वस्त मिळाली म्हणून. स्टेशनबाहेर पडलं की समोर कालवा आणि त्यावर स्काल्झीचा पूल. पूल म्हणजे पायऱ्या, चढायच्या आणि उतरायच्या. पाण्यावरची बस घ्यायचे पैसे वाचवले आणि चालत निघाले. चाकांची बॅग पायऱ्यांवर म्हणजे नुसतं ओझं. पहिल्या तीन पुलांवर उचलली, चौथ्यावर ओढली, आणि तिथे एक चाक निखळून खडखड करत खालच्या पायरीवर गेलं. पुढचं सगळं व्हेनिस मी मान खाली घालून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पूल उलट्या क्रमाने. दोन रात्री असत्या तर निदान एक दिवस मान वर करून हिंडले असते.

आता तू म्हणशील, मग व्हेनिस गाळूया का? नाही. वजाबाकीला अपवाद असतो आणि व्हेनिस हा पक्का अपवाद आहे. तिथे दिवसापेक्षा रात्र मोलाची. दिवसभरासाठी आलेले लोंढे संध्याकाळी परततात, आणि सकाळी सहाला सान मार्कोच्या चौकात कबुतरं आणि झाडूवाले एवढेच असतात. त्या गावात एक रात्रही वाया जात नाही. दिवसा येऊन दिवसा जाणाऱ्यांकडून व्हेनिस महापालिका २०२४ पासून ठराविक दिवशी प्रवेशशुल्कही घेते. मुक्कामाला राहणाऱ्यांना ते माफ असतं, फक्त त्या दिवसांसाठी आधी ऑनलाइन नोंद करून ठेवावी लागते. बेल्जियममधलं ब्रुज आणि स्पेनमधलं टोलेडो ही गावंही याच जातीची. माद्रिदहून टोलेडोला जलद गाडीने अर्ध्या तासात जाता येतं म्हणून सगळे दिवसाच जातात, आणि संध्याकाळचं टोलेडो राहणाऱ्यांच्या वाट्याला येतं.

उलट काही गावांना रात्र द्यायची गरजच नसते. मुक्काम एकीकडे ठेवून तासाभराच्या अंतरावरचं गाव रिकाम्या हाताने बघून यावं. अ‍ॅमस्टरडॅमहून हार्लेम पंधरा-वीस मिनिटं, फ्लॉरेन्सहून पिसा तासभर, पॅरिसहून व्हर्साय तर उपनगरी गाडीने. जायला दीड तासापेक्षा जास्त लागत असेल तर मात्र तो फेरा करू नये. परतताना गाडीत डुलक्या घेत बसतो आपण. ब्रुसेल्स तुझ्या तक्त्यात का आहे, हे मला कळलं नाही. वाटेत लागतं म्हणून? वाटेत पुष्कळ काही लागतं.

बर्लिन, प्राग, व्हिएन्ना हे त्रिकूट मी तुझ्या यादीतून अख्खं उचलून बाजूला ठेवते आहे. वाईट वाटून घेऊ नकोस. बर्लिन ते प्राग चार तासांहून जास्त, प्राग ते व्हिएन्ना चार तास, आणि व्हिएन्नाहून बुडापेस्ट अवघे दोन तास चाळीस मिनिटं. ही चारही एका रेषेत येतात, त्यांची वेगळी सहल झकास होते. पॅरिस आणि रोमच्या मध्ये कोंबली की ती फक्त स्टेशनं उरतात. तुझ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं: प्रागला दोन रात्री पुरत नाहीत, तीन लागतात, आणि त्या या खेपेला तुझ्याकडे नाहीत.

जाताना एका शहरात उतरायचं आणि परतताना दुसऱ्याहून निघायचं, हे मात्र अगदी बरोबर केलंस. बहुतेकांना ते सुचत नाही, आणि पहिल्या शहरात परत येण्यात एक दिवस जातो.

आता वारांकडे ये. तक्त्यात तारखा आहेत, वार नाहीत. मी कॅलेंडर उघडून पाहिलं. फ्लॉरेन्सची तुझी एकुलती एक रात्र रविवारची. रविवारी उतरशील तेव्हा दुपार सरत आलेली असेल आणि सोमवारी तुझी सकाळ मोकळी. तिथलं चित्रसंग्रहालय उफिझी सोमवारी बंद. मायकलअँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ती अकादेमियाही सोमवारी बंद. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी लोक फ्लॉरेन्सला जातात त्यांची दारं पाहून तू रोमची गाडी पकडली असतीस. म्हणून कुठे किती राहायचं हे ठरवताना ही यादी शेजारी ठेव: पॅरिसची संग्रहालयं म्हणजे लूव्र मंगळवारी बंद आणि ऑर्से सोमवारी बंद, व्हर्सायचा राजवाडाही सोमवारी बंद, व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती सकाळी उघडतात आणि फुकट असतात, पण ती रांग मी तुला देणार नाही. पोप रोममध्ये असले तर बुधवारी सकाळी सेंट पीटरच्या चौकात त्यांची सार्वजनिक भेट असते. ती संपेपर्यंत तिथल्या बॅसिलिकात, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, आपल्यासारख्यांना जाता येत नाही. रोममध्ये दोनच पूर्ण दिवस असणाऱ्याला हे आधी ठाऊक हवं.

हे सगळं धरून मी एक तक्ता केला आहे. सुरुवात तुझ्याच बुधवारी, रात्री त्याच पंधरा.

अ‍ॅमस्टरडॅम तीन. बुधवारी रात्रभराच्या विमानप्रवासानंतर पोहोचशील. त्या दिवसाकडून कालव्याकाठी चालण्यापलीकडे काही मागू नकोस, फक्त अंधार पडेपर्यंत झोपू नकोस. गुरुवार आणि शुक्रवार पूर्ण मिळतात. शनिवारी पॅरिस, तिथे चार रात्री. रविवारी ऑर्से, सोमवारी लूव्र, मंगळवारी व्हर्साय. लूव्र बंद म्हणून मंगळवारी व्हर्सायला गर्दी जास्त असते, तेव्हा सकाळचं पहिलं तिकीट घे. बुधवारी व्हेनिस, दोन रात्री. शुक्रवारी फ्लॉरेन्स, तीन रात्री: शनिवारी उफिझी, रविवारी डेव्हिड, आणि दुपारी आर्नो नदी ओलांडून सान मिनियातोच्या टेकडीवर. सोमवारी दीड तासात रोम, तिथे तीन रात्री. मंगळवारी व्हॅटिकन, बुधवारी कोलोसियम आणि फोरम, गुरुवारी परत.

१५ वजा ५, दहा. बॅग न उचलता मिळालेले दिवस सहावरून दहा झाले, तिकीट एकही वाढलं नाही. उलट गाड्यांचे चार प्रवास कमी झाले.

रोमला तीन रात्री कमी आहेत हे मला मान्य आहे. तुझ्याबरोबर येणाऱ्या मैत्रिणीला चित्रांचा कंटाळा असेल तर फ्लॉरेन्सची एक रात्र रोमला दे. फक्त मग रविवारी निघावं लागेल आणि उफिझी व डेव्हिड एकाच शनिवारी उरकावे लागतील. हे तुमचं तुम्ही ठरवा. एका दिवसात दोन मोठी संग्रहालयं करू नयेत असं माझं मत आहे. दुसऱ्यात माणूस चित्रं बघत नाही, बाकं बघतो.

पॅरिसला चार का, असं विचारशील. आयफेल आणि लूव्र दोन दिवसांत होतात, हे बरोबर. पण शात्लेसारख्या मेट्रो स्टेशनात पहिल्या दिवशी माणूस जमिनीखाली अर्धं पॅरिस चालतो, आणि बाहेर येतो तो भलत्याच रस्त्यावर. तिसऱ्या दिवशी कुठल्या तोंडाने बाहेर पडायचं ते पायांना कळलेलं असतं. मोठ्या शहरात हा सराव व्हायला वेळ लागतो, आणि सराव झाल्या दिवशीच लोक निघतात. छोट्या गावात तो पहिल्या संध्याकाळीच होतो. म्हणून मोठ्याला चार आणि छोट्याला दोन. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीची लांबी मी यात धरत नाही.

व्हिसाचं विसरू नकोस, कारण रात्रींचा आकडा तिथेही मोजला जातो. शेंगेन देशांपैकी, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांपैकी, ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. दोन देशांत सारखेच दिवस होत असतील तर जिथे पहिल्यांदा प्रवेश करणार त्या देशाकडे. नव्या तक्त्यात इटली आठ रात्री, फ्रान्स चार, नेदरलँड्स तीन. उतरणार अ‍ॅमस्टरडॅमला असलीस तरी अर्ज इटलीकडेच. एखाद्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिथल्या खोट्या रात्री दाखवायच्या, हा सल्ला तुला कोणीतरी देईल. ऐकू नकोस. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पंधराव्या दिवसापर्यंत थांबणारी माणसं मी पाहिली आहेत. ती सहलीआधीच दमलेली असतात.

काही तिकिटं हाती आल्याशिवाय रात्री पक्क्या करू नयेत. अ‍ॅन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची सुटतात आणि भराभर संपतात. तुझ्यासाठी ते घर महत्त्वाचं असेल तर गुरुवार की शुक्रवार हे त्या मंगळवारी ठरेल. तोवर अ‍ॅमस्टरडॅमची खोली रद्द करता येईल अशीच घे. तिथे खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के पर्यटक कर लागतो, तो दाखवलेल्या भाड्यात धरलाय का तेही बघ.

आणि कपडे. हे कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. एकेका रात्रीच्या मुक्कामात धुतलेले कपडे वाळत नाहीत. ओले मोजे प्लास्टिकच्या पिशवीत घालून तीन देश हिंडलेली बाई तुला पत्र लिहिते आहे. पॅरिसच्या चार रात्रींत एक संध्याकाळ कोपऱ्यावरच्या लाँड्रीला दे. सहलीच्या बरोबर मध्यावर येते ती.

मैत्रिणीला हे पत्र दाखव. तिला बर्लिन हवंच असेल तर भांडू नका. अ‍ॅमस्टरडॅम आणि व्हेनिस काढा, त्यांच्या पाच रात्रींतल्या तीन बर्लिनला, दोन रोमला द्या, आणि वार पुन्हा जुळवून बघा. व्हिसाचा हिशोबही परत मांडा. नवा तक्ता झाला की पाठव, वारांसकट. आणि तुझ्या त्या लाल बॅगेचं भरल्यावर वजन किती होतं तेही कळव. व्हेनिसची खोली कुठल्या पुलाच्या अलीकडे घ्यायची ते त्यावरून सांगते.

तुझी,
मावशी